'टेन्शनमुळेच होतंय ना, डॉक्टर?'

या वेळचे प्रश्न एकत्र वाचायला बसलो आणि निम्म्यांत तेच वाक्य सापडलं: 'टेन्शनमुळेच होतंय ना, डॉक्टर?' उत्तर आधीच ठरलेलं असतं, माझा फक्त शिक्का हवा असतो. टेन्शन खोटं आहे असं मी म्हणत नाही. पण केस गळण्यापासून छातीत दुखण्यापर्यंत सगळं त्याच्या नावावर टाकलं, की पुढची तपासणी होत नाही आणि दुखणं निवांत वाढत राहतं. न तपासलेल्या माणसाला मी गोळीचं नाव सांगत नाही, तेव्हा ते विचारू नका.

प्रश्न : टेन्शनमुळे केस गळतात का? (महिला, वय २९, इंदिरानगर)

गळतात. मोठं आजारपण, बाळंतपण किंवा मोठा धक्का यांनंतर दोन-तीन महिन्यांनी गळायला लागतात आणि बहुधा परत येतात. तेलाच्या बाटल्या बदलण्याआधी हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्या.

प्रश्न : ऑफिसचं टेन्शन वाढलं की छातीत जळजळतं. मागच्या रविवारी पांडवलेणीच्या पायऱ्या चढताना छाती भरून आली, डावा खांदा दुखला, बसल्यावर थांबलं. मिसळ खाऊन गेलो होतो, म्हणजे गॅसच असणार. सोडा घेतो. चालेल ना? (पुरुष, वय ५२, गंगापूर रोड)

नाही चालणार. चढताना येणारं आणि बसल्यावर थांबणारं दुखणं हृदयाचं नाही, हे सिद्ध होईपर्यंत ते हृदयाचंच समजायचं. मिसळीला पायऱ्या कळत नाहीत. हे वाचून झालं की उठा आणि आजच डॉक्टरांना दाखवून ईसीजी काढा. तो नॉर्मल आला तरी घरी येऊन निश्चिंत झोपू नका, कारण विश्रांतीत काढलेला ईसीजी नॉर्मल असूनही आत अडथळा असू शकतो. पुढच्या तपासण्या हृदयरोगतज्ज्ञ ठरवतील. बसल्या जागी दुखायला लागलं, घाम फुटला, दम लागला, तर १०८ ला फोन करा. स्वतः गाडी चालवत निघू नका. द्वारका चौकात अडकून पडलेला हार्ट अटॅक कुणाच्याच कामाचा नसतो.

प्रश्न : सातपूरला कारखान्यात आहे, तीन पाळ्या. वर्षापूर्वी बीपी १५६/१०० निघालं, गोळी सुरू झाली. दोन महिन्यांत १३०/८० झालं. मग सुपरवायझर बदलला, टेन्शन संपलं. बरोबरचे म्हणाले, गोळी एकदा लागली की जन्मभर सुटत नाही, वर किडनीही जाते. म्हणून सहा महिन्यांपासून बंद केली आहे. त्रास काही नाही. बरोबर केलं ना? (पुरुष, वय ४४)

चूक केलीत. आणि ही चूक मी रोज पाहतो, म्हणून उत्तर लांबणार आहे.

१३०/८० हे गोळीमुळे झालं होतं. गॅस बारीक केला म्हणून दूध खाली बसलं. आता दूध शांत झालंय असं समजून गॅस परत मोठा केला तर ओट्यावर काय होतं, ते घरी विचारा.

टेन्शन आलं की ॲड्रेनलिन सुटतं, नाडी पळते, बीपी चढतं. प्रसंग टळला की उतरतं. हे सगळ्यांचं होतं, माझंही होतं. महिनोन्‌महिने चढूनच राहिलेलं बीपी ही वेगळी गोष्ट. त्यामागे आईवडिलांकडून आलेला वारसा असतो, वय, मीठ, सुटलेलं पोट, दारू, कधीकधी रात्रीचं घोरणं. टेन्शन यात भर घालतं, कारण त्यापायी झोप मोडते, तंबाखूची पुडी लवकर संपते आणि चालायला जाणं बंद पडतं. पण सुपरवायझरची बदली हे काही बीपीचं औषध नव्हे.

आता किडनी. किडनीतल्या बारीक रक्तवाहिन्या खराब करतं ते चढलेलं बीपी. डायलिसिसच्या खुर्चीपर्यंत माणसं पोचतात त्यामागे मधुमेह आणि बीपी ही दोन मोठी कारणं आहेत. काही गोळ्या सुरू केल्यावर किडनीची रक्ततपासणी करावी लागते हे खरं, पण ती डॉक्टर सांगतातच. किडनीची इतकी काळजी असेल, तर पाळी संपल्यावर कंबर दुखते म्हणून मेडिकलमधून सुटी पेनकिलर घेण्याची जी पद्धत आहे ती सोडा. त्या गोळ्या किडनीला त्रास देतात आणि बीपीही वाढवतात. तुम्ही घेता असं तुम्ही लिहिलेलं नाही. तीन पाळ्यांची कामगार मंडळी रोज तपासतो, म्हणून अंदाजानं बोलतोय.

'त्रास काही नाही' या तीन शब्दांची मला सर्वांत जास्त धास्ती वाटते. बीपी बहुतेकांना दुखत नाही. डोकं दुखत नाही म्हणजे बीपी नाही, हा पारावरचा शोध आहे. कित्येकांना पहिली खबर मिळते ती सकाळी तोंड वाकडं झाल्यावर. आणि मग काय होतं? घरचे आधी झाडपाला देणाऱ्याकडे नेतात, तो मालीश करतो, संध्याकाळी माझ्याकडे आणतात. मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि तेही स्कॅन करून, चालतंय की नाही ते पाहून. तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं अडखळलेलं, यातलं एक जरी अचानक दिसलं तरी थेट स्कॅनची सोय असलेल्या हॉस्पिटलात न्या.

तुम्ही काय करायचं? घरी बीपी मोजा, पण नीट. आधी अर्धा तास चहा नाही, तंबाखू नाही. लघवीला जाऊन या. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसा. पट्टा उघड्या दंडावर बांधा, हात टेबलावर छातीच्या पातळीला ठेवा. मिनिटाभराच्या अंतरानं दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे लिहा. सकाळ-संध्याकाळ असं आठवडाभर. घरचे आकडे १३५/८५ च्या वर राहत असतील तर ते जास्त धरतात. दवाखान्यात ही रेघ १४०/९० ला असते, कारण पांढरा कोट पाहून काहींचं बीपी चढतं. पण दवाखान्यात जायला या आठवड्याची वाट पाहू नका. ज्यांनी गोळी दिली त्यांच्याकडे दोन दिवसांत जा आणि वही नंतर दाखवा. कपाटातली जुनी स्ट्रिप शोधून स्वतःच सुरूही करू नका. आकडा १८०/१२० च्या पुढे गेला आणि सोबत छातीत दुखणं, दम किंवा धूसर दिसणं असेल, तर इमर्जन्सी गाठा.

मीठ दिवसाला सगळं मिळून पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चमचाभरापेक्षाही कमी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पापड, लोणचं, फरसाण, चिवडा यांतलं मीठही याच हिशेबात. मिठाच्या बरणीला हात न लावता माणूस दुपारपर्यंत तिथे पोचतो.

गोळी कधीच सुटत नाही असंही नाही. वजन उतरलं, मीठ-दारू सुटली, तर काहींचा डोस कमी करता येतो. तो डॉक्टर करतात, कॅन्टीन नाही.

प्रश्न : घराचे हप्ते, मुलाची दहावी, रात्री दोनला जाग येते. शेजारच्या वहिनींनी त्यांची झोपेची अर्धी गोळी दिली, छान झोप लागली. तीन महिने रोज घेते, आता पूर्ण लागते. मेडिकलवाले ओळखीचे आहेत, चिठ्ठी मागत नाहीत. काही अपाय? (महिला, वय ३८, कॉलेज रोड)

वरचे गृहस्थ जी गोळी घ्यायला हवी ती सवयीच्या भीतीनं टाकतात, आणि जिची खरोखर सवय लागते ती तुम्ही वाटीभर साखरेसारखी शेजारून आणता.

तुम्ही नाव लिहिलंय, मी इथे छापत नाही. तो अल्प्राझोलामच्या कुटुंबातला प्रकार आहे. अर्धीची पूर्ण झाली, म्हणजे शरीराला सवय लागली. आता सर्वांत महत्त्वाचं: आज रात्री घाबरून एकदम बंद करू नका. अशा गोळ्या अचानक तोडल्या तर घबराट वाढते, हात कापतात, क्वचित फिटही येते. डोस हळूहळू उतरवावा लागतो, म्हणून या आठवड्यात फिजिशियन किंवा मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. दारू किंवा मोठं घोरणं असेल तर तेही सांगा, कारण या गोळीसोबत श्वास मंदावू शकतो.

अल्प्राझोलाम औषधविक्रीच्या सरकारी एच-१ यादीत आहे. चिठ्ठीशिवाय विकता येत नाही आणि विक्रीची नोंद ठेवावी लागते. ओळखीपोटी गोळी देणारा माणूस तुमच्यावर उपकार करत नाहीये.

दुपारी चारनंतर चहा-कॉफी बंद. उठण्याची वेळ रविवारीसुद्धा तीच ठेवा. वीस मिनिटांत झोप लागली नाही तर उठून दुसऱ्या खोलीत बसा, हप्त्यांचं गणित अंथरुणात नको. पहाटे जाग येऊन रडू येत असेल, कशातच मन लागत नसेल, तर प्रश्न एकट्या झोपेचा नाही. ते डॉक्टरांना न लाजता सांगा.

प्रश्न : सिडकोत मोफत शिबिरात आईच्या हातात मशीन दिलं. 'स्ट्रेस ८२ टक्के, लिव्हर कमजोर, शरीरात टॉक्सिन' असा छापील रिपोर्ट आला. सहा महिन्यांच्या पावडरचे १४ हजार सांगतात, ऑफर शनिवारपर्यंतच. आई ६३ वर्षांची, मधुमेह आहे. घ्यावी का?

नाही.

हातात दांडी धरून लिव्हर कळत नाही. स्ट्रेसची टक्केवारी देणारी तपासणी माझ्या अख्ख्या प्रॅक्टिसमध्ये मला भेटलेली नाही. त्या माणसाला एकच विचारा, 'टॉक्सिन कोणतं? नाव लिहून द्या.' मग गंमत पाहा. खरा आजार शनिवारी संध्याकाळी संपत नसतो, संपते ती फक्त ऑफर. 'नैसर्गिक आहे, अपाय नाही' यालाही अर्थ नाही. अश्वगंधेनंसुद्धा क्वचित लिव्हरला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. पावडरीत काय आहे ते माहीत नाही आणि सोबत मधुमेहाच्या गोळ्या चालू, हा खेळ नको. आईच्या डोळ्यांचा पडदा शेवटचा कधी तपासला? तळपाय कधी पाहिले? १४ हजारांच्या छोट्याशा भागात या तपासण्या होतील.

प्रश्न : आमची दिंडोरी तालुक्यात द्राक्षबाग आहे. मागच्या अवकाळीत माल गेला, सोसायटीचं कर्ज आहे. आभाळ आलं की हे रात्री उठून बागेत जाऊन बसतात. जेवण कमी झालंय, कुणाशी बोलत नाहीत. परवा म्हणाले, 'मी नसलो तर तुम्ही सुटाल.' डॉक्टरकडे यायला नाही म्हणतात, टेन्शन आहे म्हणतात. (महिला, वय ४०)

ताई, तुमच्या प्रश्नाला रांगेत थांबवलेलं नाही. तुम्हाला वेगळं कळवलं आहे, पण अशी घरं आणखी असतील म्हणून इथेही लिहितो.

ते शेवटचं वाक्य रागाच्या भरात बोललेलं समजू नका. त्यांना सरळ विचारा, 'जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं का?' विचारल्यानं तसं मनात भरतं, हा समज चुकीचा आहे. उलट बोलायला वाट मिळते. 'हो' म्हणाले, किंवा गप्प राहिले, तर त्याच दिवशी दवाखाना. तोवर एकटं सोडू नका, रात्री बागेत गेले तर कुणीतरी सोबत जा. फवारणीची औषधं आजच घरातून आणि शेडमधून हलवा, कुलपात ठेवा आणि किल्ली भावाकडे किंवा दिराकडे द्या. टोकाचा विचार पुष्कळदा एखाद्या घटकेचा असतो, आणि त्या घटकेला विष हाताशी नसणं यानंच जीव वाचतात.

आभाळ माझ्या हातात नाही, कर्जही नाही. पण भूक गेली, झोप गेली, बोलणं थांबलं, हे नैराश्याचं चित्र आहे आणि त्यावर उपचार आहेत. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची सोय आहे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर रात्रीही चालतो, मराठीत बोलता येतं, आणि तुम्ही स्वतःसाठीही तो लावू शकता. त्यांना 'मानसिक' हा शब्द खुपत असेल तर 'वजन उतरलंय, रक्त तपासून येऊ' म्हणून आणा. पुढचं डॉक्टर पाहतील.

प्रश्न : स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. अभ्यासिकेत अचानक धडधडतं, हाताला मुंग्या येतात, आता मरणार असं वाटतं. दहा-पंधरा मिनिटांत जातं. ईसीजी नॉर्मल आहे. (पुरुष, वय २४)

हा पॅनिक अटॅक असण्याची शक्यता मोठी. भराभर श्वास घेतल्यानं मुंग्या येतात. तेव्हा श्वास सावकाश सोडा, घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावा. तोंडाला कागदी पिशवी लावू नका. थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासा, जागरणासाठीची एनर्जी ड्रिंक्स बंद करा, आणि समुपदेशकाकडे जा. यावर चांगला उपचार आहे, दर महिन्याला नवा ईसीजी हा मात्र उपचार नाही.

प्रश्न : वडील ७१, दोन वर्षांपूर्वी स्टेंट टाकला. पहाटे गोदावरीत डुबकी मारल्यानं मन शांत होतं, बीपी उतरतं, असं कुणीतरी सांगितलंय. सिंहस्थालाही जायचं म्हणतात. जाऊ द्यावं का? (नाशिक रोड)

गार पाण्यानं रक्तवाहिन्या आकसतात आणि बीपी चढतं. स्टेंटवाल्यानं थंडीतल्या पहाटे डुबकी मारू नये. पुण्याचा हिशेब माझ्याकडे नाही, तो त्यांनी गुरुजींना विचारावा. मला वाटतं, तांब्याभर पाणी पायावर घेतलं तरी ते चालवून घेतील. २०२७ ला न्यायचंच असेल तर आधी हृदयरोगतज्ज्ञांना दाखवा, गर्दीचा दिवस टाळा. खिशात चिठ्ठी ठेवा: नाव, स्टेंटची तारीख, चालू गोळ्या, तुमचा फोन नंबर. प्लास्टिकच्या पिशवीत घाला, नाहीतर भिजून शाई पसरेल.