कसं केलंय ते बघ

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. तुझं लांबलचक पत्र मिळालं. कावसजी जहांगीर हॉलमधल्या आधुनिक कला दालनात चित्रकार वासुदेव गायतोंडेंच्या चित्रासमोर उभी राहिलीस, सोबतची मंडळी अवकाश, मौन, झेन असं बोलत राहिली, तुझ्या आत काहीच हललं नाही, आणि घरी पोचेपर्यंत तू ठरवूनही टाकलंस की चित्र आपल्याला कळत नाही. आता रसास्वादाच्या वर्गाला पैसे भरू का, असं विचारतेस. वर्ग चांगले असतात, जायचं तर जा. पण तुझी अडचण तिथे सुटायची नाही. तू चित्राला विचारलंस, तुझा अर्थ काय? तो प्रश्न सोड. कसं केलंय ते बघ.

गायतोंडेंचंच घे. जन्म नागपूरचा, १९२४ चा. १९४८ साली मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतून बाहेर पडले. पुढे त्यांनी ब्रश बाजूला ठेवून रोलर आणि पॅलेट नाइफ, म्हणजे रंग पसरायची बोथट सुरी, हाती घेतले. रंगाचा पातळ थर, त्यावर आणखी एक, मध्येच कागदाचे कापलेले तुकडे रंगावर दाबायचे आणि उचलायचे. कुठे रंग निघून येतो, कुठे बसतो. असं करत करत वर्षाकाठी जेमतेम पाचसहा कॅनव्हास हातावेगळे व्हायचे. हे कळल्यावर त्याच चित्रासमोर परत जा. अगदी समोर उभी राहू नकोस, कडेला सरक. उजेड तिरका पडला की खालचा थर कुठे संपतो, वरचा कुठे खरवडलाय, ते दिसायला लागतं. एकदा ते दिसलं की तू आपोआप तिथे थांबशील. मौन वगैरे जे काही असेल ते त्या थरांतूनच येईल. नाही आलं तरी बिघडलं नाही, तू एक चित्र नीट पाहिलेलं असेल.

मी हे छातीठोकपणे सांगतो, कारण माझी नजर कुठल्या वर्गात घडलेली नाही. मी छापखान्यातला माणूस. आयुष्यभर भिंग लावून प्रूफ तपासली. छपाईत दर रंगाची प्लेट वेगळी, त्यातली लाल केसभर सरकली की देवीच्या ओठाबाहेर लाली दिसते, ते पकडणं हे माझं काम. त्या सवयीनेच मी चित्रं बघायला लागलो. तुझ्या आजीच्या देवघरात राजा रविवर्म्याची लक्ष्मी आहे ना, जुनी, काचेतली? तिच्यापासून सुरुवात कर. वरची काच उतरवून नीट उजेडात ने आणि भिंगातून गाल बघ. सलग रंग नाहीच तिथे, बारीक ठिपके आहेत. ते ठिपके कुणीतरी हाताने छपाईच्या दगडावर काढलेत. गुलाबीचा दगड वेगळा, पिवळ्याचा वेगळा, निळ्याचा वेगळा. कागद एकेका दगडावरून जायचा आणि दर वेळी नेमका त्याच जागी बसवावा लागायचा. रविवर्म्याचा हा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत निघाला, नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. साडीच्या काठाशी बघ, कुठेतरी रंग रेषेबाहेर गेलेला सापडेलच. तो सापडला की त्या खोलीत उभा राहून कागद लावणारा माणूस तुला दिसेल. आजवर तू त्या लक्ष्मीला हात जोडलेस, तिच्याकडे बघितलं नाहीस.

एका दालनात एका जाणकार गृहस्थांनी मला चारचौघांत ऐकवलं होतं, 'तुम्ही कारागिराच्या नजरेने बघता, कलावंताच्या नाही.' तेव्हा मी गप्प बसलो. आज गप्प बसणार नाही. ज्यांनी चित्रं केली त्यांना रोज सकाळी हाच प्रश्न पडत होता, कसं करायचं? अजिंठ्याच्या कारागिरांना भिंत तयार करायची होती. त्यांनी माती घेतली, तिच्यात भाताचा भुसा आणि वनस्पतींचे धागे मिसळले, आपल्याकडे घराच्या भिंतीला गिलावा करतात तसा तो लेप खडकावर चढवला, वर चुन्याचा पातळ हात दिला आणि तो वाळल्यावर रंग लावला. गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी, सगळं आसपासचं. निळा मात्र लाजवर्द दगडाचा, दूर देशाहून आलेला. म्हणून पहिल्या लेण्यात गेलीस की निळा शोध. तो कुणाला दिलाय, कुठे जपून वापरलाय ते बघ. तिथल्या पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या चेहऱ्यावरच्या करुणेबद्दल तुला गाईड सांगेलच. निळ्याचं तुलाच बघावं लागेल.

तुझे मित्र म्हणतील, हे तंत्र झालं, कला कुठे? त्यांना म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात पाठव. तिथे सावंतवाडीच्या चित्रकार सा. ल. हळदणकरांची समईवाली बाई आहे. एका हातात समई, दुसरा हात ज्योतीआड. ज्योत आपल्याला दिसतच नाही, बोटांच्या कडा तेवढ्या तांबूस झाल्यात आणि उजेड चेहऱ्यावर चढलाय. हे जलरंगात केलंय! जलरंगात उजेड म्हणजे कोरा राखलेला, नाहीतर जेमतेम पाणी फिरवलेला कागद. तेलरंगासारखं मागाहून पांढरं थापता येत नाही. म्हणजे पहिलं पाणी लावायच्या आधीच कुठे उजेड पडणार ते त्या माणसाला ठाऊक होतं. आता मला सांग, तंत्र कुठे संपलं आणि कला कुठे सुरू झाली? मला ती रेघ आजवर सापडलेली नाही आणि मी ती शोधतही नाही.

पुण्याला मामाकडे जातेस तेव्हा बाजीराव रोडवरचं केळकर संग्रहालय चुकवू नकोस. दिनकर केळकर हे 'अज्ञातवासी' नावाने कविता करायचे. माणसाने घराघरांतून, जुन्या बाजारांतून वस्तू जमवल्या, गेलेल्या मुलाच्या नावाने संग्रहालय उभं केलं आणि १९६२ मध्ये ते सरकारच्या हवाली केलं. तिथे मस्तानीचा महाल बघायला गर्दी होते. तू अडकित्त्यांपाशी थांब. एखादा राघूच्या आकाराचा असतो, एखाद्यात माणसांची जोडी. मिटलेला अडकित्ता म्हणजे पुरी आकृती, उघडला की ती दुभंगते, आणि मधोमध पातं. घडवणाऱ्याने बिजागरीची खीळ कुठे लपवलीय ते शोध. मग वज्री बघ, टाच घासायची पितळी वज्री. खाली खरखरीत, वर पक्षी, आणि काहींच्या पोकळीत खडे, हलवलं की वाजणारे. टाच घासताना नाद यावा म्हणून कुणीतरी एवढा खटाटोप केला! ज्या बाईच्या न्हाणीघरात ती वज्री होती, तिला कलेचा अर्थ विचारायला कुणी गेलं नव्हतं.

मला हळहळ एका गोष्टीची आहे. आमच्या छापखान्यात मागच्या पिढीचे लिथोचे, म्हणजे छपाईचे, दगड पडून होते. त्यातल्या एकावर उलटी अक्षरं आणि वेलबुट्टी अजून दिसत होती. जागा हवी म्हणून मालकांनी ते भंगारात काढले. मी तिथेच होतो आणि त्यातला एकही ठेवून घेतला नाही. जहांगीर आर्ट गॅलरीतही तसंच. आपल्याच चित्रांपाशी खुर्ची टाकून एकटे बसलेले कितीतरी चित्रकार मी बघितले, 'हा करडा रंग कसा आणलात' एवढंच विचारायचं होतं, आणि भीड पडून पुढे गेलो. त्यातले काही आता नाहीत. तू विचार. ते खुशीत येतात, बोटाने दाखवून सांगतात. 'यातून काय सुचवायचंय' असं विचारलंस तर मात्र त्यांचा चेहरा पडतो.

तू लिहितेस, परदेशात गेल्याशिवाय खरी कला बघायला मिळत नाही. कोण सांगतं तुला हे? मी परदेशात गेलो नाही, जमलं नाही, आणि माझी नजर त्यामुळे उपाशी राहिली असं मी मानणार नाही. साताऱ्याजवळ औंधला टेकडीवर भवानी संग्रहालय आहे. भवानराव पंतप्रतिनिधींनी ते १९३८ मध्ये बांधलं. तिथे रविवर्म्याची मूळ तैलचित्रं आहेत, चित्रकार धुरंधर आहेत आणि इंग्रज शिल्पकार हेन्री मूरचं दगडी आई-मूल आहे. आधी औंध गाठ, मग लंडनचं बोलू.

आणि मुंबईत राहतेस तर राणीच्या बागेतल्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात जा. बुधवारी बंद असतं, तेवढं लक्षात ठेव. आत मातीच्या बाहुल्या आहेत, वेगवेगळ्या जातिजमातींच्या, पगडीची एकेक घडी दाखवणाऱ्या. पण आधी बाहेरचा दगडी हत्ती बघ. हा घारापुरीचा, ज्याच्यावरून पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटलं तोच. १८६४ मध्ये इंग्रज तो विलायतेला न्यायला निघाले, उचलताना क्रेन मोडली आणि हत्तीचे तुकडे झाले. ते तुकडे मुंबईत आणले आणि १९१४ मध्ये जोडून हत्ती उभा केला. त्याच्याभोवती सावकाश फिर. कुठला दगड जुना, कुठे सांधा घेतलाय, पाय कसे पेललेत, हे बघून मला दोन ओळी लिही. हत्ती कशाचं प्रतीक आहे ते लिहू नकोस. सांधे कुठे आहेत ते लिही.

तुझा,
काका