वारस नाही म्हणून संस्थानं खालसा करणाऱ्या डलहौसीचा स्वतःचा किताब कोणाला मिळाला?

छान प्रश्न विचारलात. मी साताऱ्याचा, त्यामुळे यात मला जरा जास्तच रस आहे. त्याचे किताब दोन होते. एक त्याच्याबरोबरच बुडाला आणि दुसरा चुलतभावाला मिळाला.

आधी एक गोष्ट: डलहौसी हे आडनाव नव्हे. एडिंबराच्या दक्षिणेला साउथ एस्क नदीकाठी त्या नावाचा किल्ला आहे, आणि घराणं आहे रॅमझींचं. मूळ पुरुष सायमन बाराव्या शतकात राजा पहिला डेव्हिड याच्या मागोमाग स्कॉटलंडात आला. या घराण्यातला माझा लाडका माणूस म्हणजे अलेक्झांडर रॅमझी. १३३८ मध्ये इंग्रजांनी डनबारला वेढा घातला होता, आत काउंटेस ॲग्नेस किल्ला लढवत होती. हा पठ्ठ्या रात्री होडीतून रसद घेऊन आत शिरला. पुढे त्याने रॉक्सबरो जिंकलं, तेव्हा राजाने त्याला टेव्हिअटडेलचं शेरीफपद दिलं. त्या पदावर विल्यम डग्लस या दुसऱ्या स्कॉटिश सरदाराचा डोळा होता. १३४२ मध्ये त्याने अलेक्झांडरला धरून हर्मिटेज किल्ल्याच्या अंधारकोठडीत टाकलं आणि उपाशी मारलं. वरच्या कोठारातून गळणारे दाणे वेचून तो काही दिवस तगला, असं लोक सांगतात.

१६१८ मध्ये हे घराणं लॉर्ड झालं, १६३३ मध्ये त्याहून वरचं अर्ल. आपल्या पाठ्यपुस्तकातला डलहौसी, म्हणजे जेम्स, हा दहावा अर्ल. (कॅनडातलं डलहौसी विद्यापीठ याचं नव्हे, याच्या वडिलांचं.) पंजाब घेतल्यावर १८४९ मध्ये त्याला वरचा मार्क्विस हा किताब मिळाला.

खरी मेख इथेच आहे. तिकडे किताब कोणाकडे जाणार हे सनदेतल्या शब्दांवर ठरतं. मार्क्विसपद फक्त त्याच्या स्वतःच्या पुत्रवंशासाठी होतं आणि त्याला दोन मुलीच. १९ डिसेंबर १८६० रोजी तो ज्या किल्ल्यात जन्मला तिथेच वारला, आणि अकरा वर्षांचं मार्क्विसपद तिथेच संपलं. अर्लपद मात्र घराण्यातल्या कुठल्याही पुरुष वारसाला चालत होतं. ते गेलं फॉक्स मॉल या चुलतभावाकडे. त्याच्या वडिलांनी दुसऱ्या इस्टेटीपायी आडनाव बदललं होतं, म्हणून तो मॉल. क्रिमियन युद्धात हा ब्रिटनचा युद्धमंत्री होता. १८७४ मध्ये तोही निपुत्रिक वारला. मग पुन्हा शोधाशोध, आणि आरमारातला आणखी एक चुलतभाऊ बारावा अर्ल झाला.

आता साताऱ्याकडे या. डलहौसी कलकत्त्याला येऊन तीन महिने होत नाहीत तोच, ५ एप्रिल १८४८ ला साताऱ्याचे छत्रपती शहाजीराजे वारले. मरणाआधी त्यांनी दत्तक घेतला होता, तोही भोसल्यांच्याच कुळातला. तो नामंजूर झाला आणि राज्य खालसा. हे धोरण काही एकट्या डलहौसीचं नव्हतं. आंग्र्यांचं कुलाबा त्याच्या आधीच गेलं होतं, आणि साताऱ्यावर शेवटची मोहोर ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनमधल्या संचालकांनी उठवली. पण शिफारस त्याचीच.

कोणी म्हणेल, दत्तक तर त्यांच्याकडेही चालत नाही. खरं आहे, ब्रिटिश सरदारकी आजही दत्तक मुलाला मिळत नाही. पण मार्क्विसपद बुडालं म्हणून सरकारने रॅमझींची जमीन ताब्यात घेतली नाही. आईकडून आलेली कोलस्टनची इस्टेट तर सरळ थोरल्या मुलीला, सुझनला मिळाली. साताऱ्यात मात्र गादीबरोबर मुलूखही गेला.

अर्लपद अजून चालू आहे, सध्याचे सतरावे. किल्ल्याचं हॉटेल झालंय.