शरीरातील ९० टक्के सेरोटोनिन आतड्यात असेल, तर पोट सुधारल्याने किंवा केळी खाल्ल्याने नैराश्य जाते का?

आपल्या प्रश्नातील आकडा बरोबर आहे, त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र टिकत नाही. सेरोटोनिन, म्हणजे पेशींमध्ये संदेश वाहणारे आणि मनःस्थितीशी जोडले जाणारे रसायन, शरीरात ९० टक्क्यांहून अधिक आतड्यात असते हे खरे, परंतु रक्त आणि मेंदू यांच्यामधील अडसर त्याला ओलांडता येत नाही. मेंदू स्वतःपुरते सेरोटोनिन ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून स्वतःच तयार करतो.

ही वाटणी किती पक्की आहे, हे बर्लिनच्या माक्स डेलब्रुक केंद्रातील मिखाएल बाडर यांच्या गटाने २००३ साली दाखवले, आणि जीवरसायनशास्त्र शिकवताना मला सर्वांत उपयोगी पडलेला प्रयोग हाच. सेरोटोनिन बनवण्याची पहिली पायरी ज्या एन्झाइममुळे पार पडते, त्याचे एकच जनुक तोवर माहीत होते; ते या गटाने उंदरांमध्ये निकामी केले. त्या उंदरांच्या रक्तातले आणि आतड्यातले सेरोटोनिन जवळजवळ नाहीसे झाले, पण मेंदूतले होते तेवढेच राहिले आणि वागण्यातही लक्षणीय फरक दिसला नाही. शोध घेतल्यावर त्याच कामाचे दुसरे जनुक हाती लागले, जे प्रामुख्याने मेंदूत काम करते. एकाच रेणूचे दोन कारखाने, आणि एकाचा माल दुसऱ्याकडे जात नाही.

शरीरातले सेरोटोनिन म्हणजे निरुपयोगी साठा, असे मात्र समजू नये. आतड्याची हालचाल त्यावर अवलंबून असते. शिवाय प्लेटलेट्स, म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी, ते रक्तातून उचलून साठवतात आणि जखम झाल्यावर सोडतात, म्हणूनच वरील उंदरांमध्ये रक्तस्राव थांबायला अधिक वेळ लागत असे. उलट, मेंदूतले जनुक निकामी केलेल्या उंदरांची वाढ खुंटली, त्यांतली अनेक पिल्ले लवकर दगावली, आणि मोठ्या झालेल्या माद्या स्वतःच्या पिल्लांकडे दुर्लक्ष करू लागल्या. सेरोटोनिनला 'आनंदाचे रसायन' म्हणणे मला अपुरे वाटते ते यामुळेच. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील विदिता वैद्य यांच्या गटाने तर उंदीरवर्गीय प्राण्यांच्या मज्जापेशींत सेरोटोनिनमुळे मायटोकॉन्ड्रियांची (पेशीतील ऊर्जा बनवणाऱ्या घटकांची) संख्या आणि ऊर्जानिर्मिती वाढते, असे २०१९ साली दाखवले आहे.

मग पोटाचा मेंदूशी संबंधच नाही का? आहे, पण तो मज्जातंतूंमार्फत. काही केमोथेरपी औषधांमुळे आतड्यातील पेशी सेरोटोनिन सोडतात, त्याने आतड्याला मेंदूशी जोडणारा व्हेगस मज्जातंतू चेतवला जातो आणि रुग्णाला उलट्या होतात. उलट्या थांबवणारे ऑन्डॅन्सेट्रॉन हे औषध नेमका हाच संदेश अडवते. नैराश्यावरील एसएसआरआय गोळ्यांनी सुरुवातीला मळमळते त्यालाही असेच कारण आहे, कारण सेरोटोनिन पेशीत परत ओढून घेणारे प्रथिन आतड्यात आणि मेंदूत एकच असते.

आपण केळ्याचाही उल्लेख केला आहे. केळ्यात सेरोटोनिन असते, पण ते मेंदूत पोहोचत नाही. विशिष्ट गाठींच्या निदानासाठी चोवीस तासांच्या लघवीतील सेरोटोनिनचा उत्सर्जित पदार्थ मोजायचा असेल, तर आधी केळी खाऊ नका असे सांगतात, ते अहवालातला आकडा खोटा वाढू नये म्हणून. नैराश्याचा उपचार चालू असल्यास आहार जरूर सुधारावा, गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नयेत.