डॅनबरी ट्रॅशर्स हा आइस हॉकी संघ दोनच हंगामांत का बंद पडला?

थोडक्यात सांगायचं तर मालकावर खटला भरला गेला म्हणून. खेळ वाईट होता म्हणून नव्हे.

अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात डॅनबरी नावाचं छोटं शहर आहे. तिथले कचरा उचलण्याच्या धंद्यातले बडे प्रस्थ जेम्स गॅलांटे यांनी 2004 मध्ये युनायटेड हॉकी लीगमध्ये हा संघ उतरवला. नाव ट्रॅशर्स, म्हणजे आपल्या भाषेत कचरेवालेच! आणि कारभार कोणाकडे? 17 वर्षांच्या मुलाकडे, ए. जे. गॅलांटेकडे. पोराने संघ बांधला तो मारामारी करणाऱ्या दांडगटांचा. ब्रॅड विंगफील्ड त्यातला गाजलेला. पण नुसतेच पैलवान होते असं नाही. त्या वर्षी एनएचएल ही उत्तर अमेरिकेतली सर्वांत मोठी हॉकी लीग मालक-खेळाडूंच्या वादातल्या टाळेबंदीमुळे बंद होती, म्हणून स्टॅन्ली कप, म्हणजे एनएचएलचं विजेतेपद, जिंकलेला माइक रप इथे खेळून गेला. हॉकीतला महान खेळाडू वेन ग्रेट्झकी याचा भाऊ ब्रेंटही खेळला. दुसऱ्या हंगामात संघ थेट अंतिम फेरीत गेला आणि कॅलामझू विंग्जकडून हरला.

त्यानंतर लगेच, जून 2006 मध्ये, गॅलांटेंवर संघटित गुन्हेगारीचे आरोप ठेवले गेले आणि संघ गुंडाळला. आरोपांत हॉकीही होती: लीगने संघाच्या एकूण पगारावर घातलेली मर्यादा चुकवायला खेळाडूंना कचरा कंपन्यांत कागदोपत्री नोकऱ्या दाखवल्या होत्या. डॅनबरी एकेकाळी टोप्या बनवण्यासाठी प्रसिद्ध होतं. इथे लीगलाच टोपी घातली! 2008 मध्ये गॅलांटेंनी गुन्हा कबूल केला. शिक्षा 87 महिन्यांची झाली.