सुट्टीच्या दिवशी थांबणारा खोकला

ताई, नमस्कार.

मुलगा तीन महिन्यांपासून लाकूड कातायच्या लेथवर काम शिकतोय, रात्री खोकतो, सुट्टीच्या दिवशी मात्र ठणठणीत असतो, आणि काही विचारलं की ‘मी मास्क लावतो ना’ म्हणतो. त्याने हे क्षेत्र सोडावं का, असं तुम्ही विचारलंय.

सोडायचं की नाही ते नंतर. कामाच्या दिवशी त्रास आणि सुट्टीत आराम, ही कामामुळे होणाऱ्या दम्याची ओळखीची खूण आहे. हा त्रास काम संपल्यावर काही तासांनीही उठतो, त्यामुळे दोष रात्रीच्या गारव्यावर जातो. छातीच्या डॉक्टरांना लवकर दाखवा. जाताना कोणत्या दिवशी कोणतं लाकूड कातलं, याची वही सोबत न्या. लाकडालाकडात फरक असतो: वेस्टर्न रेड सीडर नावाच्या लाकडातल्या प्लिकॅटिक आम्लाने दमा होतो, हे पक्कं ठाऊक आहे. एकदा शरीराने एखाद्या लाकडाशी वैर धरलं की मग चिमूटभर धूळही पुरते. स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत फुंकून फुफ्फुसांचं काम तपासणारी चाचणी, होईल. कदाचित पीक फ्लो मीटर (फुंकरीचा जोर मोजायचं छोटं यंत्र) देऊन कामाच्या आणि सुट्टीच्या दिवसांच्या नोंदी ठेवायला सांगतील. धाप लागत असेल किंवा छातीत घरघर असेल, तर मात्र काम आजच थांबवा.

आता मास्कचं. पायाशी ढीग पडतो त्या ढलप्यांची मला फारशी काळजी नाही, त्या फुफ्फुसात जात नाहीत. पॉलिश पेपर लागला की जी पिठासारखी धूळ उडते, तिच्यातले 10 मायक्रॉनपेक्षा बारीक कण खरे त्रासदायक. ते डोळ्यांना दिसत नाहीत आणि लेथ बंद झाल्यावरही बराच वेळ हवेत तरंगत राहतात. मुलं नेमका तेव्हाच मास्क काढतात! कापडी मास्क इथे कुचकामी. एन-95 चालेल, पण तो चेहऱ्याला घट्ट बसला तरच. नवी दाढी राखली असेल तर कडेने हवा शिरणारच. दाढी ठेवायचीच असेल तर पंख्याने गाळलेली हवा देणारं सैल शिरस्त्राण घ्यावं लागेल. नुसती चेहऱ्यासमोरची पारदर्शक ढाल उडणारे तुकडे अडवते, धूळ नाही.

तरीही मास्क ही शेवटची फळी. कार्यशाळेत एकदा स्वतः जाऊन या. धूळ ओढणाऱ्या यंत्राचं तोंड लेथवरच्या लाकडाच्या अगदी जवळ आहे का? संध्याकाळी कॉम्प्रेसरच्या हवेने किंवा केरसुणीने झाडतात, की बारीक धूळही अडवणाऱ्या हेपा फिल्टरच्या व्हॅक्यूमने? उस्तादाची हत्यारं धारदार आहेत का, हेही बघा. चांगल्या धारेने कातलेल्या लाकडाला पॉलिश पेपर कमी लागतो. मला विचाराल तर शिकाऊ मुलाने धार लावणं आधी शिकावं.

कॅन्सरबद्दल तुम्ही वाचलंय, ते खरं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1995 मध्ये लाकडाच्या धुळीला कर्ककारकांच्या पहिल्या गटात, म्हणजे माणसाला कॅन्सर करतात हे सिद्ध झालेल्या गोष्टींत, टाकलं, प्रामुख्याने नाक आणि सायनसच्या कॅन्सरमुळे. पण ती गोष्ट वर्षानुवर्षांच्या धुळीची आहे. तीन महिन्यांसाठी झोप घालवू नका.

एकाच लाकडाची ॲलर्जी निघाली तर ते टाळून काम चालू राहू शकतं. कार्यशाळेने धुळीबद्दल हात झटकले तर कार्यशाळा बदला, क्षेत्र नाही. डॉक्टरांनी धुळीपासून पूर्ण लांब राहायला सांगितलं, तर मात्र फर्निचर डिझाइनकडे वळायचं. लाकडाची जाण त्याला तिथेही उपयोगी पडेल. अहवाल आला की मला पुन्हा लिहा, आणि त्या पत्रात दोन ओळी त्याच्या हातच्याही असू द्या.