पासवर्ड तिचा तिला द्या

"आम्ही इंग्लंडमध्ये रेडिंगला राहतो. मुलगी 16 वर्षांची, नुकतीच जीसीएसईची, म्हणजे इथल्या दहावीसारखी, परीक्षा संपली. सिक्स्थ फॉर्मला, म्हणजे अकरावी-बारावीला, केमिस्ट्री, बायोलॉजी, मॅथ्स ठरलेलं होतं. आता म्हणते केमिस्ट्रीच्या जागी जिऑग्राफी घेणार. केमिस्ट्रीत 9 पैकी 8 ग्रेड मिळेल असा शाळेचा अंदाज असताना! शाळेतून नेलं होतं तेव्हा ओढ्यात उतरून पाण्याची खोली मोजून आली, दोन दिवस बूट वाळत होते, तेव्हापासून हे खूळ. कॉलेजच्या मुलाखतीतही घोळ झाला. फॉर्म मीच भरला होता (तिचा पासवर्ड माझ्याकडेच असतो), 'लहानपणापासून डॉक्टर व्हायचंय' वगैरे छान लिहिलं होतं. बाईंनी नेमकं त्यावरच विचारलं तर ही गप्प, माझ्याकडे बघत बसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिचे बाबा म्हणतात, तुम्ही दोघी ठरवा. तिला केमिस्ट्रीसाठी कसं समजावू? आणि आत्मविश्वास वाढवणारा एखादा ऑनलाइन क्लास सुचवाल का?"
— काळजीत पडलेली आई

ताई,

क्लास सुचवणार नाही. तुमच्या लेकीला त्याची गरज नाही. केमिस्ट्रीकडे नंतर येऊ, मी अडकलेय ती तुम्ही कंसात टाकून दिलेल्या वाक्यापाशी.

मुलाखतीत काय झालं ते जरा तिच्या खुर्चीत बसून बघा. समोरच्या बाई फॉर्ममधलं वाक्य वाचून दाखवतात. ते वाक्य ती बहुधा पहिल्यांदाच ऐकतेय. आता एक तर आईला परक्यांसमोर खोटं पाडायचं, नाही तर स्वतः खोटं बोलायचं. तिनं दोन्ही केलं नाही. ज्या बाईनं ते वाक्य लिहिलं होतं, तिच्याकडे ती बघत राहिली. बरोबरच केलं की! प्रश्न तुमच्या वाक्यावर होता, उत्तर तुम्ही द्यायचं होतं.

तिची फार कीव करावी असंही मला वाटत नाही. सोळा वर्षांच्या पोरीला आपला पासवर्ड बदलता येत नाही, हे मला कुणी सांगू नये. फॉर्मची कटकट आई करतेय तर करू दे, असा तिचाही सोयीचा हिशोब असणार. बाबांच्या 'तुम्ही दोघी ठरवा' याला आमच्याकडे अंग काढून घेणं म्हणतात. पण पत्र त्यांनी लिहिलेलं नाही, म्हणून त्यांना सोडते.

तुमचा हिशोब कुठून आला ते मला कळतं. तो आपल्याकडचा आहे. अकरावीला सायन्स घ्या, पीसीएमबी ठेवा, मग बारावीनंतर नीट की सीईटी ते बघू. सगळी दारं उघडी. तिथे ए-लेव्हलला, म्हणजे सिक्स्थ फॉर्मच्या परीक्षेला, बहुतेक मुलं तीनच विषय घेतात आणि दोन वर्षं तेच तीन धरून बसतात. त्यातला एक आईसाठी घेतला, तर शिक्षणाचा तिसरा हिस्सा आईसाठी गेला. कोणतेही तीन घ्या, काही दारं बंद होणारच.

मग केमिस्ट्री सोडली तर कोणती बंद होतात? मेडिसिनची बरीच दारं, सगळी नाही; काही ठिकाणी बायोलॉजीवरही घेतात. डेंटिस्ट्री, व्हेटर्नरी, फार्मसीलाही बहुतेक ठिकाणी केमिस्ट्री लागते. दुसऱ्या विषयात पदवी घेऊन ग्रॅज्युएट एंट्रीनं डॉक्टर होणारे आहेत, पण त्या वाटेवर भिस्त ठेवून आज काही ठरवू नका. एवढं तिला एकदा सांगा, आवाज न चढवता. ती 'चालेल' म्हणाली तर केमिस्ट्रीचा विषय तिथेच संपला.

आणि घेतली तर? मेडिसिनचा यूकास अर्ज, म्हणजे तिथला विद्यापीठ प्रवेशाचा अर्ज, पुढच्या वर्षी 15 ऑक्टोबरपर्यंत जायला हवा. त्याआधी यूकॅट ही प्रवेशपरीक्षा. नंतर मुलाखती, त्याही बऱ्याच ठिकाणी एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर, दर काही मिनिटांनी नवा माणूस आणि नवा प्रश्न. यूकास अर्जातलं पर्सनल स्टेटमेंट, म्हणजे स्वतःबद्दल लिहायचा मजकूर, 2026 च्या प्रवेशांपासून तीन प्रश्नांत विभागलंय. त्यातला पहिला प्रश्न साधारण असा, की हाच विषय तुम्हाला का शिकायचा आहे? तेही तुम्हीच लिहिणार का? आणि त्या टेबलांवर कुणाकडे बघायचं तिनं?

आता भूगोल. तुमच्या डोक्यात दहावीचा पेपर आहे, नकाशा भरा आणि कारणे द्या. ए-लेव्हलच्या भूगोलात किमान चार दिवस फील्डवर्क असतं. शिवाय मुलांनी स्वतः प्रश्न शोधून, स्वतः आकडे जमवून केलेल्या एका अभ्यासाला 20 टक्के गुण असतात. तुमची लेक ओढ्यात उतरून जे करत होती, तेच, पण मोठ्या प्रमाणावर. तुम्ही राहता तिथे केनेट नदी थेम्सला मिळते. पुराचे इशारे तुम्हालाही फोनवर येत असतील. ते इशारे तयार करणारी माणसं, कोणत्या घराला पुराचा किती धोका हे विमा कंपन्यांना मांडून देणारी माणसं, नवी वस्ती कुठे होऊ द्यायची हे ठरवणारे प्लॅनर, संगणकावर नकाशे आणि जागांची माहिती हाताळणारे जीआयएसवाले, यांतले कितीतरी भूगोलाकडून आलेले असतात. जोडीला मॅथ्स आणि बायोलॉजी असेल तर पर्यावरणशास्त्र, जलविज्ञान, हवामान असं बरंच खुलं राहतं. उद्या सिव्हिल इंजिनीअरिंगचं मनात आलं तर मात्र बऱ्याच ठिकाणी फिजिक्स मागतात, हे तिला आधीच माहीत असू द्या. 'भूगोल घेऊन कुणाचं भलं झालंय' असं तुम्ही लिहिलं नाहीत, पण पत्रभर तेच ऐकू येत होतं.

वेळ गेलेली नाही. ऑगस्टच्या उत्तरार्धात जीसीएसईचा निकाल लागेल, मग एनरोलमेंट, म्हणजे प्रत्यक्ष प्रवेश पक्का करणं. वर्गात जागा असेल तर विषय तेव्हा बदलून मिळतात, बहुतेक ठिकाणी सप्टेंबरच्या पहिल्या काही आठवड्यांतही. जागा भरतात, म्हणून आधी कळवलेलं बरं.

तेव्हा आज एकच करा. लॅपटॉप तिच्यापुढे ठेवा, तिला पासवर्ड बदलू द्या आणि नवा विचारू नका. कॉलेजला मेल तिनं लिहायची: फॉर्ममधलं ते वाक्य माझं नव्हतं, मला अमुक तीन विषय हवेत. कदाचित ती केमिस्ट्री ठेवेलसुद्धा. ठेवली तर तीही तिनंच ठेवलेली असेल. एनरोलमेंटला ती टेबलाशी एकटी जाईल, तुम्ही गाडीत बसा. आणि मेल पाठवण्याआधी 'मला एकदा दाखव, इंग्रजी तपासते' असं म्हणू नका. तिचं इंग्रजी तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलंच असणार.