टर्बो पास्कल १९८३ मध्ये ५० डॉलरला मिळायचं, म्हणजे ते कमी दर्जाचं होतं का?

नाही, अजिबात नाही. तुमचा प्रश्न असा की, ज्या बोरलँडच्या टर्बो सीचा निळा स्क्रीन तुम्ही कॉलेजच्या लॅबमध्ये पाहिलात, त्याच कंपनीने १९८३ मध्ये पास्कल या प्रोग्रामिंग भाषेचा कंपायलर, म्हणजे लिहिलेला प्रोग्राम मशीनच्या भाषेत बदलणारं सॉफ्टवेअर, ४९.९५ डॉलरला विकायला काढला. बाकीचे तेव्हा काही शे डॉलर मागत होते. मग या मालात काहीतरी कमी असणारच, आणि लोक त्यावर कामं तरी कशी करायचे? मी ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात पुण्यात टर्बो पास्कलच्या तिसऱ्या आवृत्तीवर पोटापाण्याचं काम केलंय. म्हणून वापराबद्दल जरा सविस्तर लिहितो. किमतीचं उत्तरही त्यातूनच मिळतं.

त्याआधी काय होतं ते बघा. बेसिक ही सोपी प्रोग्रामिंग भाषा पीसीबरोबर आपोआप यायची. मूळ आयबीएम पीसीच्या तर रॉममध्येच, म्हणजे मशीनच्या कायमस्वरूपी मेमरीतच, ती होती. फ्लॉपी न घालता मशीन चालू केलं तर थेट बेसिकच समोर यायची. लिहिलेली ओळ लगेच चालते हे तिचं सुख. पण ती दर वेळी ओळ वाचून, अर्थ लावून चालवणार, त्यामुळे हळू. आणि प्रोग्राम मोठा झाला की ओळींच्या नंबरांच्या जंगलात माणूस हरवणार.

वेग हवा तर कंपायलर हवा, आणि तिथे खरी कसोटी लागायची. बहुतेक मशीनांवर हार्ड डिस्क नव्हती, दोन फ्लॉपी ड्राइव्ह असायचे. आधी एडिटर चालवायचा, प्रोग्राम लिहायचा, सेव्ह करायचा, बाहेर पडायचं. मग कंपायलरची फ्लॉपी घालायची. मायक्रोसॉफ्टच्या पास्कलमध्ये पास१ आणि पास२ असे वेगळे प्रोग्राम होते. पहिला मधल्या फायली डिस्कवर लिहिणार, दुसरा त्या वाचून पुढचं काम करणार. त्यानंतर तुकडे जोडणारा लिंकर आणि तयार कोडची लायब्ररी, बऱ्याचदा आणखी एका फ्लॉपीवर. एवढं झाल्यावर प्रोग्राम चालायचा. मध्ये कुठे अर्धविराम राहिला असेल तर पुन्हा एडिटरपासून सुरुवात. ड्राइव्हची घरघर ऐकत बसणं हा कामाचाच भाग होता. माणूस त्यामुळे प्रयोग करायला बिचकायचा. 'असं करून बघू' म्हणायची सोयच नव्हती.

आता टर्बो पास्कल. आंदर्स हाइल्सबर्ग या डॅनिश तरुणाने आधी नॅसकॉम नावाच्या छोट्या संगणकासाठी ब्लू लेबल पास्कल लिहिला होता, पुढे त्याचा कंपास पास्कल झाला. फिलिप कान या फ्रेंच माणसाने कॅलिफोर्नियातल्या स्कॉट्स व्हॅलीत बोरलँड सुरू केली होती. त्याने तो घेतला आणि टर्बो पास्कल या नावाने बाजारात आणला. कान स्वतः झुरिकला शिकलेला, जिथे निकलाउस विर्थने पास्कल भाषा घडवली.

खरी करामत आकारात होती. एडिटर, कंपायलर आणि चालवायला लागणारी लायब्ररी, सगळं एकाच फाइलमध्ये. तिसऱ्या आवृत्तीत ती टर्बो.कॉम फाइल ४० हजार बाइटांपेक्षाही थोडी लहान होती. आज मोबाइलवर आलेला एखादा 'शुभ सकाळ'चा फोटोही याहून मोठा असतो. एवढी लहान असल्याने ती एकदा मेमरीत शिरली की डिस्कचं कामच उरायचं नाही. तुमचा प्रोग्राम मेमरीत, कंपायलर मेमरीत, तयार होणारा मशीन कोडही मेमरीतच. पास्कलमध्ये कुठलीही गोष्ट वापरण्याआधी जाहीर करावी लागते, त्यामुळे कंपायलर वरून खाली एकदाच वाचत जायचा आणि काम संपायचं.

वापर कसा असायचा? सुरू केल्यावर पहिला प्रश्न यायचा: चुकांचे संदेश मेमरीत घ्यायचे का, वाय की एन. एन म्हटलं तर साधारण दीड हजार बाइट मोकळे राहायचे, पण मग झालेल्या चुकीचा नुसता नंबर दिसायचा आणि तो मॅन्युअलमध्ये शोधायचा. मोठा प्रोग्राम असला की आम्ही एन दाबायचो. नेहमीचे नंबर पाठ झालेले असायचे. मग साधा मेनू. डब्ल्यू दाबून फाइलचं नाव, ई दाबून एडिटर. एडिटरच्या कळा वर्डस्टार या टायपिंगच्या सॉफ्टवेअरच्या होत्या. हे आमच्या फार पथ्यावर पडलं, कारण तेव्हा ऑफिसा-ऑफिसांत पत्रं वर्डस्टारवरच टाइप व्हायची. कंट्रोल वाय दाबलं की ओळ उडते, कंट्रोल के बी आणि कंट्रोल के के ने ब्लॉक धरायचा, हे हातात बसलेलं होतं. टर्बो सीच्या निळ्या स्क्रीनमध्येही याच कळा चालतात, करून बघा.

कंट्रोल के डी ने बाहेर यायचं आणि आर दाबायचा. ओळींचे आकडे भराभर पळायचे. चूक सापडली की कंपायलर तिथेच थांबायचा, आणि एस्केप दाबलं की तुम्ही एडिटरमध्ये, कर्सर बरोबर जिथे चूक झाली तिथे! पहिल्या चुकीवरच थांबतो म्हणून काही जाणकारांनी नाकं मुरडली. पण ती सुधारून पुन्हा आर दाबायला असा कितीसा वेळ लागणार? चालता चालता प्रोग्राम कोसळला तरी हीच सोय. मेमरीतला पत्ता दाखवून कंपायलर पुन्हा ओळी मोजत यायचा आणि नेमकं कुठे बिनसलं ते दाखवायचा. एवढ्या पैशांत असं काही मिळेल हे तोवर कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

एक शिस्त मात्र पाळावीच लागायची. आर दाबण्याआधी एस दाबायचा. आर दाबल्यावर फाइल आपोआप सेव्ह होत नसे, आणि पॉइंटर (मेमरीतला पत्ता धरून ठेवणारा व्हेरिएबल) भरकटून मशीन गोठलं की तासाभराचं टायपिंग गेलं. एस, आर, एस, आर असाच हात चालायचा. प्रोग्राम पक्का झाला की ओ मध्ये जाऊन मेमरीऐवजी कॉम फाइल, म्हणजे डिस्कवरून थेट चालणारी फाइल, निवडायची, कंपाइल करायचं, आणि ती एकटी फाइल गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची.

उणिवा होत्याच. या तिसऱ्या आवृत्तीपर्यंत सगळा कोड ६४ केबीत बसवावा लागायचा. त्याहून मोठं काही करायचं तर ओव्हरलेची, म्हणजे कोडचे तुकडे गरजेनुसार डिस्कवरून मेमरीत आणायची, कसरत. तुकडे वेगवेगळे कंपाइल करून जोडता येत नसत. प्रमाण पास्कलमधल्या गेट आणि पुटसारख्या फायली वाचण्या-लिहिण्याच्या गोष्टी वगळलेल्या होत्या. तयार होणारा कोडही फार काटकसरीचा नसे. मोठ्या संस्थांना महागडा कंपायलर लागायचा तो अशा कारणांनी, आणि त्यांचं चूक नव्हतं.

आता किंमत. महाग कंपायलर ठरावीक कंपन्यांना विकायचा म्हणून महाग, आणि महाग म्हणून गिऱ्हाइकं थोडी, असं ते चक्र होतं. बोरलँडने बाइट मासिकाच्या नोव्हेंबर १९८३ च्या अंकात जाहिरात देऊन थेट टपालाने विक्री केली. जाहिरातीतल्या कुपनावर तुमचा संगणक कुठला आणि डिस्कचा फॉरमॅट कुठला हे भरून पाठवायचं, कारण सीपी/एम ही तेव्हाची ऑपरेटिंग सिस्टिम चालवणाऱ्या मशीनांच्या फ्लॉप्या एकमेकांत चालत नसत. माल म्हणजे एक फ्लॉपी आणि एक मॅन्युअल. छापायला स्वस्त, टपालाने पाठवायला सोपा.

आणि त्यावर कॉपी-प्रतिबंध नव्हता. लोटस १-२-३ या स्प्रेडशीटसारख्या पॅकेजला मूळ फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालावी लागे. इथे तसलं काही नाही. बोरलँडच्या परवान्यात लिहिलेलं असायचं की हे सॉफ्टवेअर पुस्तकासारखं वापरा: कुणीही वापरा, कुठल्याही मशीनवर न्या, फक्त एकच प्रत एकाच वेळी दोन ठिकाणी चालता कामा नये. गिऱ्हाइकाला चोर न समजणारा परवाना मी तोवर वाचला नव्हता. वाचून मनापासून बरं वाटलं होतं.

आपल्याकडे मात्र किमतीचा संबंध थोडाच आला. १९८७ च्या दराने ४९.९५ डॉलर म्हणजे साडेसहाशे रुपयांच्या आसपास; पण परकीय चलनावर निर्बंध घालणाऱ्या फेरा कायद्याच्या त्या दिवसांत एकट्या माणसाने परदेशी डॉलर पाठवून वस्तू मागवणं सोपं नव्हतं. १९८४ च्या संगणक धोरणानंतर मशीनं वाढली, सॉफ्टवेअर मात्र फ्लॉपीवरून फ्लॉपीवर जात राहिलं. इथेही ते ४० केबीच कामी आले. ३६० केबीच्या एका फ्लॉपीवर डॉस (पीसीची तेव्हाची ऑपरेटिंग सिस्टिम), टर्बो पास्कल आणि आपले प्रोग्राम असं सगळं मावायचं. शर्टाच्या खिशात न बसणारी ती सव्वापाच इंची फ्लॉपी वहीत घालून न्यायची, समोर येईल त्या मशीनवर काम सुरू. कॉपी करणाऱ्यांचं नुकसान झालं ते मॅन्युअलचं. आमच्या ऑफिसात मूळ प्रत होती. तिच्यातली उदाहरणं एकेक करून चालवत मी जेवढं शिकलो, तेवढं कुठल्याही क्लासात शिकलो नसतो. ज्यांच्याकडे नुसती फ्लॉपी आली, त्यांना त्यातलं निम्मंही सापडलं नाही.

पुढचं थोडक्यात. १९८७ मध्ये चौथ्या आवृत्तीत ईएक्सई फायली आणि युनिट (वेगळे कंपाइल करून जोडता येणारे तुकडे) आले, ६४ केबीची भिंत पडली. टर्बो सीही त्याच वर्षीचं. पाचव्या आवृत्तीत चुका शोधायला मदत करणारा डिबगर आला, ५.५ मध्ये ऑब्जेक्ट (ऑब्जेक्ट-ओरिएंटेड प्रोग्रामिंगची सोय). हाइल्सबर्गने नंतर बोरलँडसाठी डेल्फी हे पास्कलवर आधारलेलं साधन घडवलं, १९९६ मध्ये तो मायक्रोसॉफ्टला गेला आणि तिथे सी शार्प आणि टाइपस्क्रिप्ट या प्रोग्रामिंग भाषा केल्या. म्हणजे तुम्ही आज टाइपस्क्रिप्ट लिहीत असाल तर त्याच माणसाच्या हाताखालून गेलेलं काम वापरताय.

स्वतः बघायचं असेल तर बोरलँडने १.०, ३.०२ आणि ५.५ या आवृत्त्या पुढे स्वतःहून फुकट दिल्या होत्या. डॉसबॉक्समध्ये (आजच्या संगणकावर जुने डॉसचे प्रोग्राम चालवणारं सॉफ्टवेअर) त्या छान चालतात. सुरुवात ३.०२ ने करा. ७.० हाताशी असेल आणि वेगवान मशीनवर क्रट हे स्क्रीन-कीबोर्ड हाताळणारं युनिट वापरताच 'रनटाइम एरर २००' आला, तर तुमच्या प्रोग्रामला दोष देऊ नका. ते युनिट सुरुवातीला मशीनचा वेग मोजतं, आणि नव्या प्रोसेसरवर तो आकडा त्याच्या मर्यादेबाहेर जातो. डॉसबॉक्सचे सायकल्स, म्हणजे त्याचा नकली प्रोसेसर किती वेगाने चालतो ती सेटिंग, कमी केले की चालेल.